भवरकडी

शारजाच्या हमरियात, ऑगस्टच्या दुपारी,
लोखंडाला उघडा हात लावायचा नसतो.
तरी मी मोजा काढतो.
मोज्यातून तडा कळत नाही.

ठोकळ्यांवर दोघी ठेवल्यात शेजारी शेजारी.
एक ओतीव, ताज्या काळ्या रंगाची,
इतकी चकचकीत की तिच्यात मला माझं हेल्मेट दिसतं.
दुसरी घडीव, खरचटलेली,
मानेशी ग्रीसचा वाळका पट्टा,
दांड्यावर शिक्का, अर्धा पुसट,
पण नंबर वाचता येतो.

कागदात यांना स्विव्हल म्हणतात.
मीही म्हणायचो, पहिली सहा वर्षं.
मग बाणकोटचे दाऊद सारंग आमच्या यार्डात रात्रपाळीला आले.
एका पहाटे चहाचा कप बाजूला ठेवून
त्यांनी ही दोन्ही हातांनी फिरवली, आणि हसले:
"अरे खातू, ही तर भवरकडी.
शेळीच्या दाव्याला लावायचो आम्ही.
खुंट्याभोवती दिवसभर फिरली
तरी दाव्याला पीळ नाय."
तेव्हापासून मी फॉर्मवर एक शब्द लिहितो
आणि तोंडात दुसरा घोळवतो.

जहाज बाहेर उभं आहे, अकरा दिवस.
भरती त्याला इकडे वळवते, ओहोटी तिकडे,
शमाल सुटला की ते सगळं विसरून वायव्येला नाक करतं.
दर वळणाला साखळीत पाव फेरा, अर्धा फेरा.
कुणाच्या लक्षातही येत नाही.
मग निघायच्या दिवशी नांगर उचलताना
कडीवर कडी चढलेली,
यंत्र कण्हतंय,
आणि पुढच्या डेकवरचा पोरगा
जिथे उभं राहू नये नेमका तिथे उभा.

फोनवर सुपरिंटेंडंट.
"ओतीव घ्या. आज मिळतेय, स्वस्त आहे.
सर्टिफिकेट आहे ना?"
आहे.
सर्टिफिकेटवर नंबर आहे.
लोखंडावर नाही.

मी छोटा हातोडा घेतो.
हर्णैच्या बाजारात मडकं घेताना
आई बोटाचं पेर वाजवायची, कान तिरका करून,
कुंभारीण रागावेपर्यंत.
घडीव वाजली: टण्ण्ण,
आवाज शेडच्या पत्र्यापर्यंत जाऊन परत आला.
ओतीव बोलली: थप्प.
रंगाखाली कुणीतरी काहीतरी भरलं होतं.
"नापास," मी लिहिलं, आणि तारीख.
सुपरिंटेंडंट काय बोलला ते
इथे लिहिण्यासारखं नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याच माहितीपत्रकात ठळक छापत नाहीत.
साखळी पूर्ण ताणात असेल
तर चांगल्यातली चांगली भवरकडीही फिरत नाही.
घासण तिला आवळून धरते.
जरा ढील मिळाली,
वारा पडला, पाणी थबकलं,
की मग ती आपली आपण वळते,
आणि साठलेला पीळ
तळाच्या गाळात, अंधारात, कुणी न बघता उतरतो.

धाकटा भाऊ दिगंबर. बोटीच्या इंजिनाचं कर्ज.
माझे पैसे की त्याचे,
यावर तीन वर्षं दोन्हीकडून ताण.
सुंभ जळाला तरी, वगैरे.
म्हण आमच्या घरात दोघांनाही पाठ आहे.

संध्याकाळी खोलीवर आलो.
बोटांना ग्रीसचा वास, साबणाने न जाणारा.
खिडकीतून नांगरवाड्यातले दिवे दिसत होते,
आणि पाणी फिरायच्या आधीचा तो अर्धा तास,
जहाजं सगळी दिशा नसल्यासारखी तोंडं करून उभी.
मी नंबर लावला.
पैशाचं काढलं नाही.
विचारलं, "पापलेट आहे का यंदा?"
बराच वेळ पलीकडे फक्त कुत्रं भुंकत होतं, आमच्याच अंगणातलं.
"नाही," तो म्हणाला.
मी फोन ठेवला नाही. त्यानेही.
मग, जरा वेळाने,
"बांगडा आहे."